खरपुडीचे शोधक

दोन पावसाळे मी त्या माणसाबरोबर बालाघाटाचे डोंगर तुडवले, पण त्यांनी माझं नाव कधी विचारलं नाही. खुशीत असले की मला 'मास्तर' म्हणत, चिडले की 'पेन्सिल'. खुशीत ते फारसे नसत. "ओ पेन्सिल, इकडं या!" ही हाक या उतारावरून त्या उतारावर गेली की शेळ्यासुद्धा माना वर करून माझ्याकडे बघत.

मी तेव्हा आंबेजोगाईच्या सरकारी शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो. राज्य निजामाचं, आणि गावाला कागदोपत्री मोमिनाबाद म्हणत. एक दिवस हैदराबादहून हुकूम आला, की जंगल खात्याचे एक अधिकारी जिल्ह्यातल्या झाडाझुडपांची पाहणी करायला येत आहेत, त्यांना चित्रं काढणारा माणूस द्यावा. हेडमास्तरांनी क्षणाचाही विचार न करता मला दिलं. गणिताचा मास्तर दिला असता तर शाळा अडली असती, तुमच्यावाचून काही अडत नाही, असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं.

साहेब आले ते गळ्यात हिरव्या पत्र्याचा लांबट डबा अडकवून. पन्नाशीचे, सुकलेल्या वाटाण्याच्या शेंगेसारखे, मान लांब आणि ती सतत जमिनीकडे वाकलेली. डोक्यावर लाल रुमी टोपी, पावसात तिच्यावर मेणकापडाचा बुरखा. बूट पायापेक्षा मोठे होते, म्हणून आत टिपकागद कोंबलेला असे. हा टिपकागद सरकारने झाडांचे नमुने वाळवण्यासाठी दिलेला होता. नमुन्यांना कागद कमी पडला की ते बुटातला काढून देत आणि मी तो नाक धरून घेई.

पुण्याला कुणा गोऱ्या साहेबाच्या हाताखाली ते तीन वर्षं होते म्हणे. तेवढ्या भांडवलावर, जे आपण पाहिलं नाही ते अजून कुणी पाहिलेलंच नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. गावच्या माणसानं एखाद्या झाडाचं नाव सांगितलं की ते कानांवर हात ठेवत. खरोखरच ठेवत. "नाव नको! नाव सांगू नका! डोकं गढूळ होतं माझं." सांगणारा बिचारा गोंधळून जाई. ज्या पाल्याची भाजी तो जन्मभर खात आला, त्याचं नाव घेतल्यानं साहेबाच्या डोक्याला काय होतं, हे त्याला कळत नसे. मलाही कळलं नाही.

नांदूरघाटला पाटलांच्या घरी लग्न होतं. आमचा मुक्काम चावडीत होता म्हणून जेवायचं बोलावणं आलं. पंगत बसली, पळसाच्या पत्रावळीवर वरण-भात पडला, पाटील स्वतः तुपाची तांबली घेऊन वाढायला आले. तेवढ्यात साहेबांची नजर पत्रावळीत शिवलेल्या एका पानावर गेली. त्यांनी वाढलेला भात तळहातानं सारून शेजारच्या सारवलेल्या जमिनीवर लोटला, पान टाके तोडून उपसलं, प्यायच्या पाण्यानं धुतलं आणि उजेडाकडे धरलं.

"सायेब, मीठ कमी पडलं का?" पाटलांनी घाबरून विचारलं.

"गप्प बसा. हे पान कुठलं? नाही, सांगू नका!"

पान डब्यात घालून ते तडक चावडीवर गेले. स्वयंपाकघराच्या दारात पाटलांची म्हातारी आई उभी होती. तिनं जमिनीवरच्या भाताकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. साहेबांच्या वतीनं मी पाटलांची माफी मागितली, मग म्हातारीची मागितली, मग उठून निघालो, कारण तिथं बसून जेवण्याची मला लाज वाटली. चार दिवस साहेबांनी त्या पानावर भिंग रोखलं. शेवटी ते पळसाचंच निघालं. किडीनं कडा खाल्ल्यामुळे त्याचा आकार बदलला होता.

ते त्यांनी चावडीबाहेर भिरकावून दिलं. मी मात्र पाटलांना निरोप धाडला, की पान पळसाचं होतं. पाटलांचं उत्तर आलं, "ते आमाला म्हाईत हुतं."

साहेबांना पानं चावून बघायची खोड होती. एकदा तलवाड्याच्या बाजूला कसलंसं पान चावलं आणि दोन्ही ओठ भाकरीसारखे फुगले. दोन दिवस त्यांना बोलता आलं नाही. त्या साऱ्या भटकंतीत मला सुखाचे गेले ते तेवढेच दोन दिवस.

एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर एका झाडासाठी. कुणी न पाहिलेलं एक झाड शोधायचं आणि त्याला खात्यातल्या वरच्या साहेबांचं नाव द्यायचं, म्हणजे बढती मिळून कायमचं हैदराबादेत बसता येईल. त्यामुळे कुठलंही झुडूप दिसलं की आधी त्यांना वरच्या साहेबांची आठवण होई. काटेरी झाडं त्यांनी या कारणानं सोडून दिली. खाजरी सोडली. एका वेलीला वास वाईट येत होता, ती हाती धरून ते बराच वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "नको, गैरसमज होईल."

भिवराबाई भेटली ती पहिल्याच भादव्यात. मेंढ्या-शेळ्या राखणारी धनगर बाई, साठीला आलेली, कमरेला खुरपं, डोक्यावर घोंगड्याची खोळ. आम्ही एका उतारावर चढत होतो आणि ती गवतात उकिडवी बसून काहीतरी उकरत होती. तिच्या पुढ्यात गवताच्या काडीला वेढा घालून एक बारीक वेल चढलेली होती. वेलीवर एकच फूल. खाली फुगीर, वर निमुळती नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटून कंदिलाच्या पिंजऱ्यासारखी झालेली. बाहेरून हिरवट पांढरं, आत जांभळे ठिपके. इतकं सुंदर फूल मी तोवर पाहिलं नव्हतं.

साहेबांनी किंकाळी फोडली.

"कावून वरडता?" भिवराबाई दचकून म्हणाली. "साप हाय का?"

"हे! हे काय आहे?"

"खरपुडी हाय."

"नाव नको!"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून खुणेनंच सांगितलं, की मनावर घेऊ नका. तिनं जमिनीतून चपटा, लहान बटाट्याएवढा कंद काढला, त्याचं वरचं निम्मं कापून पुन्हा मातीत दाबलं, खालचं निम्मं लुगड्याला पुसलं आणि साहेबांपुढे धरलं. "खाऊन बगा. ग्वाड लागतंय." साहेबांनी तो तुकडा डब्यात टाकला आणि आणखी कुठं आहे ते विचारलं.

वरच्या माथ्यावर एक जागा आहे, असं ती म्हणाली. पण दाखवायच्या आधी तिनं एक अट घातली, आणि ती साहेबांना नाही, मला घातली. "मास्तर, तुमी सांगा. समदं उपटनार न्हाई ना? दोन तरी ठिवा. मग आपसूक वाढतेत."

"ठेवू," मी म्हणालो. "माझा शब्द."

साहेबांनीही मान डोलावली. ती आम्हाला वर घेऊन गेली, जागा दाखवली आणि मेंढरं पांगली होती म्हणून खाली उतरली.

तिथं एकोणीस वेली होत्या. साहेबांनी एकोणीसही मुळासकट उपटल्या. सतरा झाल्यावर मी म्हणालो, "साहेब, दोन ठेवायच्यात."

"कुणासाठी? शेळ्यांसाठी?"

"त्या बाईला शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय. हैदराबादला नमुने जायचे, कलकत्त्याला जायचे, विलायतेला जायचे. आणि मागे ठेवून दुसऱ्या कुणाला सापडल्या म्हणजे? चला पेन्सिल, चित्र काढायला बसा. फूल सुकतंय."

मी त्यांचा हात धरू शकलो असतो. ते माझ्याहून हडकुळे होते. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि चित्र काढायला बसलो. चित्र चांगलं झालं.

पुढचं वर्ष साहेबांनी कसं मिरवलं ते विचारू नका. तहसीलदारांनी चहाला बोलावलं, तिथं त्यांनी माझं चित्र भिंतीला लावून तासभर भाषण केलं. आपण एकटेच निबिड डोंगरात कसे शिरलो, पायाखाली कसे साप होते, आणि कुणाचीही मदत नसताना ही वनस्पती कशी हाती लागली. मी तिथंच, खुर्ची कमी पडली म्हणून दाराशी उभा होतो. चित्राखाली वरच्या साहेबांचं नाव लॅटिनची शेपटी लावून लिहिलेलं होतं. चित्र कुणी काढलं ते लिहिलेलं नव्हतं.

मग विलायतेहून उत्तर आलं. फुलावरून ही वनस्पती नवी वाटते, पण पिकलेली शेंग आणि बी पाहिल्याशिवाय नोंद करता येत नाही. कृपया तेवढं पाठवावं.

दिवाळी सरली आणि साहेब माझ्या दारात हजर झाले. पुन्हा आम्ही डोंगरात. माथ्यावरच्या त्या जागी एकोणीस खड्डे होते, तेही पावसानं कडा ढासळून एकमेकांत मिसळलेले. आसपासचे पाच-सहा डोंगर आम्ही पालथे घातले. एक वेल नाही. सहाव्या दिवशी साहेब एका दगडावर बसले, बूट काढले आणि आतला टिपकागद झटकू लागले.

"त्या बाईला विचारावं लागेल," मी म्हणालो. मला आतून बरं वाटत होतं, हे लपवत नाही.

धनगरांची वस्ती खालच्या ओढ्याला होती. भिवराबाई पालाबाहेर बसून लोकर कातत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही.

"आलात? खड्डं बुजवाया आलात का?"

साहेब घसा खाकरून म्हणाले, "शेंगा पाहिजेत."

"कशाच्या?"

"त्याच्या."

"त्याच्या म्हंजी कशाच्या?"

साहेबांनी ओठ आवळले. "खरपुडीच्या," ते म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. "तुमचा शब्द हुता, मास्तर." मी खाली बघितलं. "बरं, ऱ्हाऊ द्या. सायबानं कागदावर काय लिवलंय त्ये तरी सांगा. लिवलं असंलच की."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खोटं बोल. मी खोटं बोललो नाही. "लिहिलंय, की हे झाड साहेबांनी शोधलं. कुणाच्या मदतीशिवाय."

भिवराबाई हसायला लागली. चातीवरचा धागा तुटला तरी तिचं हसू थांबेना. हसता हसता तिला ठसका लागला. शेजारच्या पालांतून बायका बाहेर आल्या, तिनं त्यांना सांगितलं, त्याही हसल्या. "शोधलं म्हनं! माजी सासू उकडून घालायची रं बाबा तुजं ह्ये शोधलेलं!" मग ती एकदम हसायची थांबली. "दुस्काळात माजी दोन लेकरं ह्याच्यावर जगली, सायेब. तिसरं न्हाई जगलं. तवर खरपुडी सरली हुती. त्ये लिवा कागदावर."

साहेब परत फिरले नाहीत. ते ओढ्याकाठच्या लिंबाखाली जाऊन बसले. तो दिवस बसून काढला, दुसराही काढला. भिवराबाई मेंढरं घेऊन जायची, यायची, त्यांच्याकडे ढुंकूनही बघायची नाही. तिच्या सुनेनं भाकरी आणून दिली, ती त्यांनी खाल्ली. मला हा सगळा हट्टीपणा वाटत होता, आणि सरकारी माणूस धनगराच्या पालापुढे धरणं धरून बसल्याची मौजही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काठी घेऊन लिंबाखाली आली.

"हाय एका जागी," ती म्हणाली. "तुमी गेलात त्या सांजेला म्या वर गेलते. खड्ड्यातनं तुटकं तुकडं येचलं आन् दुसरीकडं लावलं. दोन रुजलं. बगायचं असंल तर चला. पर हात बांधून."

"म्हणजे?"

"हात मागं बांधायचं. तुमच्या हातावर माजा भरवसा न्हाई."

मला वाटलं, आता हे उठतील, पोलीस पाटलाला बोलावतील, बाईला दरडावतील. तसं केलं असतं तर चाललंही असतं, राज्य तसंच होतं. साहेबांनी गळ्यातला डबा काढून लिंबाच्या मुळाशी ठेवला, खांद्यावरचा रुमाल तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवून दोन्ही हात मागे केले. तिनं शेळीचे पाय बांधावेत तशी गाठ मारली. मग माझ्या झोळीतली वही आणि पेन्सिल काढून घेऊन सुनेकडे दिली.

ती चढण मी जन्मात विसरणार नाही. पुढे भिवराबाई, मध्ये हात बांधलेले साहेब, मागे मी. वस्तीतल्या बायका खाली उभ्या राहून बघत होत्या. तोल सांभाळायला हात नसल्यामुळे साहेब दर चार पावलांनी घसरत, गुडघ्यावर येत, पुन्हा उठत. दोनदा त्यांची टोपी पडली, ती मी त्यांच्या डोक्यावर ठेवली. एकदा ते तोंडावर पडले आणि हनुवटी फुटली. मी रुमाल सोडायला पुढे झालो तर म्हणाले, "राहू द्या." माझ्या मनात कीव आली नाही. पाटलांची म्हातारी आई माझ्या डोळ्यांपुढे होती.

कड्याच्या पोटात खडकाची एक अरुंद फळी होती, मेंढरूसुद्धा जाणार नाही अशी. तिथं गवतात दोन वेली वाळत आल्या होत्या. एकीला शेंगांची जोडी होती, करडाच्या शिंगांसारखी, बारीक आणि टोकदार. त्यांतली एक उकलली होती आणि आतून रेशमी म्हाताऱ्या बाहेर येत होत्या, प्रत्येकीच्या बुडाशी एक चपटं, तपकिरी बी.

साहेब गुडघ्यांवर बसले. नाक शेंगेला टेकेल इतके वाकले. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. भिवराबाई कंटाळून पुढे जाऊन, आमच्याकडे पाठ करून खाली चरणाऱ्या मेंढरांना हाका घालू लागली. मोठा वारा आला आणि एक म्हातारी सुटून साहेबांच्या कोटाच्या कॉलरवर अडकली.

ती मी पाहिली. त्यांनीही मान तिरकी करून पाहिली. विलायतेला जे हवं होतं ते त्यांच्या गळ्याशी होतं, आणि बाईची पाठ होती. त्यांना काही करावंही लागणार नव्हतं. नुसतं उठून खाली उतरायचं होतं.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "फुंका."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"फुंका म्हणतो ना. मला हात नाहीत."

मी फुंकर मारली. म्हातारी उडाली, थोडी वर गेली आणि फळीच्या कडेला एका फटीत शिरली. साहेबांनी ती जागा पाहून घेतली आणि मग उठले.

खाली आल्यावर भिवराबाईनं गाठ सोडली. ती कुणाला 'येतो' म्हणण्याइतका वेळही न देता मेंढरांमागे निघून गेली. साहेबांनी आभार मानले नाहीत. मनगटं चोळली आणि डबा गळ्यात घातला.

आंबेजोगाईला आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या ओसरीवर आले. माझं उर्दू अक्षर बरं होतं, म्हणून हैदराबादला धाडायचा कागद त्यांनी मलाच लिहायला सांगितला. पाचच ओळी होत्या. शेवटची ओळ, बराच शोध घेऊनही सदर वनस्पती पुन्हा मिळाली नाही. सबब मागील नोंद रद्द समजावी.

मी हात थांबवला. "साहेब, आपण शेंग पाहिलीत."

"पाहिली."

"मग?"

"शेंग पाठवली की ठिकाण विचारतील. ठिकाण सांगितलं की माणसं येतील खुरपी घेऊन." ते माझ्यावर खेकसले, "कशी येतात ते मला ठाऊक आहे. लिहा!"

मी लिहिलं. त्यांनी सही केली आणि शाईवर वाळू टाकायचं मला सांगून निघून गेले. वरच्या साहेबांचं नाव हुकल्यामुळे व्हायचं ते झालं. त्यांना दूर कुठल्याशा लाकडाच्या डेपोवर ओंडके मोजायला धाडलं. आंबेजोगाईत लोक महिनाभर हसले. तहसील कचेरीत कुणीतरी त्यांच्या भाषणाची नक्कल करून दाखवी, त्या हसण्यात मीही असे. त्यांचं चुकतं कुठं होतं ते सांगायला मला कधीच कष्ट पडले नाहीत, आणि हा कागद माझ्या हातचा असूनही त्याबद्दल मी तिथं तोंड उघडलं नाही. ते गाव सोडून गेले त्या दिवशी टांग्यापर्यंत कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

पुढच्या भादव्यात मी एकटाच डोंगरात गेलो. शाळेला सुटी होती, आणि एका बाईला दिलेला शब्द मोडल्याची माफी मागायची राहिली होती. भिवराबाई उतारावर मेंढरं चारत होती. तिनं माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं.

"त्यो आला न्हाई?"

"नाही. त्यांची बदली झाली."

"बरं झालं," ती म्हणाली. मी माफीचं बोलायला लागलो तर तिनं हातानंच थांबवलं आणि पांगलेलं एक मेंढरू वळवून आणलं. मग म्हणाली, "ह्या साली धा आल्यात. फटीत बी एक आलीया. कुनाला सांगू नगा."

मी सांगितलं नाही. त्या डोंगराचं नाव मी इथं कुठं लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नव्हे.